थव्यातला वेगळा हंस कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की उजनी, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वर इथले फोटो यायला लागतात आणि त्यातल्या बऱ्याच फोटोंखाली एकच प्रश्न असतो: ‘बाकीचे ओळखले, पण हा मधला कोण?’ सतत येणारे असे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. या पानावर ‘हंस’ म्हटलं की पट्टकदंब, कलहंस आणि त्यांचे जवळचे भाऊबंद, म्हणजे इंग्रजीतले ‘गूज’, समजा. लांब मानेचा, इंग्रजीत ज्याला स्वॉन म्हणतात तो पक्षी इथे अभिप्रेत नाही.

१. महाराष्ट्रात हिवाळ्यात वन्य हंस कोणते दिसतात? आधी कशाची सवय करून घ्यावी?

आपल्याकडचा मुख्य हंस म्हणजे पट्टकदंब, पक्षीनिरीक्षकांच्या रोजच्या बोलण्यातला ‘बार-हेडेड’. अंग फिकट राखाडी, डोकं पांढरं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. वरचा पट्टा एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत जातो, खालचा त्याहून आखूड असतो. मानेच्या दोन्ही बाजूंनी एकेक पांढरी पट्टी खाली उतरते. चोच आणि पाय पिवळसर केशरी, चोचीच्या टोकाला काळा ठिपका. मंगोलिया, तिबेट, चीनमधलं छिंगहाई आणि आपलं लडाख ही यांची विणीची ठिकाणं. आपल्याकडे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मुक्काम असतो. दिवसा पाण्याच्या कडेला विसावतात आणि संध्याकाळी-पहाटे हरभरा, गहू किंवा धरणाच्या गाळपेरीत चरायला उतरतात.

दुसरा कलहंस, म्हणजे ग्रेलॅग. उत्तर भारतात भरपूर, महाराष्ट्रात त्या मानाने कमी. अंगाने पट्टकदंबापेक्षा थोराड, रंग मातकट राखाडी, डोक्यावर कसलीही खूण नाही. आपल्याकडे येणाऱ्या पूर्वेकडच्या उपजातीची चोच गुलाबी आणि पायही गुलाबी असतात. उडताना पंखांचा पुढचा भाग चांदीसारखा फिकट दिसतो. ही खूण एकदा नजरेत बसली की लांबूनही चुकत नाही.

हे दोन पक्षी पाठ होईपर्यंत दुर्मीळ जातींचं पुस्तक उघडूच नका, असं मी अगदी मनापासून सांगेन. वेगळा पक्षी ओळखायचा असेल तर नेहमीचा पक्षी सगळ्या वयांत, सगळ्या कोनांतून पाहिलेला असावा लागतो.

२. पट्टकदंबांच्या थव्यात एक-दोन पक्ष्यांच्या डोक्यावर पट्टेच नाहीत. ही वेगळी जात आहे का?

नाही, ही त्याच वर्षीची पिल्लं आहेत. सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. पहिल्या हिवाळ्यात पट्टकदंबाच्या डोक्यावर पट्टे नसतात. चेहरा मळकट पांढरा असतो आणि डोक्याच्या माथ्यापासून मानेच्या मागच्या बाजूपर्यंत गडद करडा रंग सलग उतरतो. टोपी घातल्यासारखं दिसत असल्यामुळे लोक फसतात.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे शेजारी कोण आहे ते पाहणं. हंसांची कुटुंबं पहिला हिवाळा एकत्र काढतात. दोन पट्टेवाले प्रौढ आणि त्यांच्या मागेपुढे दोन-तीन बिनपट्ट्याचे, असा छोटा गट चरताना थोडा वेगळा राहतो. आईबाप मान उंचावून पहारा देतात, पिल्लं मान खाली घालून खात राहतात. दहा मिनिटं न हलता पाहत बसलात तर कुटुंब आपोआप उलगडतं. हिवाळा सरत येईल तसे काही पिल्लांच्या डोक्यावर पुसट पट्टे उमटू लागतात, तेव्हा अर्धवट पट्टे दिसले म्हणून लगेच संकर समजू नका. संकराच्या खुणा प्रश्न ८ मध्ये आहेत.

३. कलहंस दिसला असं वाटतंय, पण गावात कुणीतरी हंस पाळलेत. पाळीव आणि वन्य यांतला फरक कसा ओळखायचा?

युरोपातल्या पाळीव हंसांचा मूळ पूर्वज कलहंसच आहे, त्यामुळे रंगावर विसंबलात तर फसाल. शरीराची ठेवण पाहा.

पाळीव हंसाचं वजन मागच्या बाजूला असतं. पोटाखाली चरबीच्या एक किंवा दोन लोंबत्या घड्या असतात आणि चालताना त्या जमिनीला टेकायला येतात. शेपटी बहुधा वर उचललेली, चाल डुलत डुलत. वन्य कलहंस साधारण तीन-साडेतीन किलोचा असतो, पाळीव जातींपैकी भारी जाती दहा किलोच्या आसपास जातात. वन्य पक्ष्याचं अंग जमिनीला समांतर, पोट आटोपशीर, पाय शरीराच्या मधोमध. उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावून पाहिलं तेव्हा काही पट्टकदंब 7,000 मीटरहून अधिक उंचीवर उडताना आढळले. एवढा प्रवास करणाऱ्या पक्ष्याच्या पोटाला लोंबतं काही नसतं.

यानंतर रंग पाहा. चोचीच्या मुळाशी पांढऱ्या पिसांचा वेडावाकडा पट्टा, पंखांत एखाददुसरं पांढरं पीस, छातीवर ठिगळासारखे पांढरे डाग, एक बाजू दुसरीसारखी नसणं, ही सगळी पाळीव रक्ताची लक्षणं. चोच ठळक केशरी असली तरी शंका घ्या. केशरी चोचीचे वन्य कलहंस युरोपात असतात, आपल्याकडे येणाऱ्यांची चोच गुलाबी असते. मात्र मावळतीच्या उन्हात गुलाबी चोचही केशरी वाटते, म्हणून सकाळच्या स्वच्छ उजेडातला फोटो असेल तरच या खुणेवर निर्णय द्या.

वागणुकीचाही उपयोग होतो. घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांपासून दहा पावलांवर निवांत बसलेला हंस बहुतेक वेळा पाळीवच. पण हा एकमेव पुरावा मानू नका, कारण थकलेला किंवा आजारी वन्य पक्षीही माणसाला जवळ येऊ देतो.

४. चोचीच्या वर, कपाळावर मोठी गाठ आहे. हा कुठला दुर्मीळ हंस?

हा पाळीव ‘चिनी हंस’. त्याचा वन्य पूर्वज पूर्व आशियातला स्वॉन गूज. मान लांब आणि ताठ, डोक्यापासून पाठीमागे मानेवरून उतरणारी गडद तपकिरी पट्टी, पुढची बाजू फिकट, अशी त्याची रचना पाळीव पक्ष्यांतही टिकून आहे. वन्य स्वॉन गूजला अशी फुगीर गाठ नसते. त्याची चोच लांब, काळी आणि कपाळाच्या रेषेत सरळ उतरलेली असते. शिवाय तो भारतात नियमित येणारा पक्षी नाही. गाठ दिसली की पाळीव, इतकं पक्कं धरून चाला. पांढऱ्या चिनी हंसाची गाठ आणि चोच केशरी असते.

नकट्याच्या नराच्या चोचीवरही काळा मांसल तुरा असतो आणि त्यावरून बराच घोळ होतो. नकटा हे आपलं देशी, मोठं बदक: डोकं-मान पांढरी आणि त्यावर काळे ठिपके, पाठ काळी, उन्हात हिरवी-निळी चमकणारी. तुरा चोचीवर पंख्यासारखा उभा असतो, कपाळावर गोळ्यासारखा नव्हे. मादीला तुरा नसतो आणि ती नरापेक्षा बरीच लहान असते. नकटा झाडाच्या ढोलीत घरटं करतो, त्यामुळे पाण्यातल्या वाळक्या खोडावर बसलेला ‘हंस’ दिसला तर आधी नकट्याचा विचार करा.

५. थव्यात एक पूर्ण पांढरा हंस आहे. स्नो गूज तर नाही?

आपल्याकडे असा फोटो आला की माझ्या मनात पहिल्यांदा दोन शक्यता येतात: पाळीव पांढरा हंस किंवा रंगद्रव्याच्या अभावामुळे पांढरा झालेला पट्टकदंब. स्नो गूज उत्तर अमेरिकेचा पक्षी आहे आणि त्याच्या पंखांची टोकं काळी असतात. पंख उघडलेला फोटो नसेल तर ते नाव घेऊच नका.

पांढऱ्या पट्टकदंबाची बांधणी शेजारच्या पट्टकदंबासारखीच असते. उंची तीच, चोचीची लांबी तीच, उडतानाची लय तीच. चोच-पायांचा पिवळसर केशरी रंगही बहुधा टिकून असतो आणि डोळे गडद असतात. डोळे गुलाबी असतील तर तो अल्बिनो, पण असे पक्षी निसर्गात फार दिवस तग धरत नाहीत, म्हणून क्वचितच दिसतात. पाळीव पांढऱ्या हंसाच्या काही जातींचे डोळे निळे असतात. बाकी ओळख प्रश्न ३ मधल्या पोटावरून आणि चालीवरून.

अंगभर पांढरी-राखाडी ठिगळं असलेला पट्टकदंबही अधूनमधून दिसतो. तो पट्टकदंबच, नोंदही त्याच नावाने करायची आणि फोटो मात्र जरूर जोडायचा.

६. पट्टकदंबाचं डोकं पांढऱ्याऐवजी तांबूस-केशरी दिसतंय. रोग आहे का?

नाही, चिखलाचा डाग आहे. लोहयुक्त गाळात चोच घालून खाणाऱ्या हंसांची पांढरी पिसं तांबूस होतात. रंग चेहऱ्यावर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला जास्त असतो आणि मागे विरत जातो. पिसं बदलली की जातो.

७. चोचीच्या मुळाशी पांढरा पट्टा आहे, पोटावर काळ्या रेघा आहेत. व्हाइट-फ्रंटेड सापडला का?

शक्य आहे आणि तसं असेल तर महाराष्ट्रासाठी मोलाची नोंद आहे. म्हणूनच घाई करू नका.

प्रौढ ग्रेटर व्हाइट-फ्रंटेड गूज कलहंसापेक्षा लहान. चोच गुलाबी, तिच्याभोवती स्वच्छ पांढरा पट्टा आणि पोटावर अनियमित काळे आडवे पट्टे. पाय ठळक केशरी असतात. पाय इथे फार महत्त्वाचे, कारण कलहंसाचे पाय गुलाबी. काही कलहंसांच्या चोचीच्या मुळाशी बारीक पांढरी रेघ असते, पोटावर थोडे गडद डागही असतात, आणि पाळीव हंसांत तर पांढरा पट्टा सर्रास दिसतो. तेव्हा पांढरं कपाळ, काळे पट्टे, केशरी पाय आणि लहान आकार या चारही गोष्टी एकाच पक्ष्यात दिसल्या तर पुढे जा.

अवघड अपवाद पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाचा आहे. त्याला पांढरं कपाळही नसतं आणि पोटावर पट्टेही नसतात. नुसता तपकिरी, बिनखुणेचा हंस. तो कलहंसांत मिसळला तर केशरी पाय, लहान चोच आणि कमी भरलेलं अंग एवढ्याच गोष्टी हाताशी उरतात. चिखलात उभ्या पक्ष्याचे पाय दिसत नाहीत. तो उडेपर्यंत किंवा कोरड्यावर येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

लेसर व्हाइट-फ्रंटेड त्याहून दुर्मीळ आणि जगभर धोक्यात असलेला पक्षी. आणखी लहान, चोच आखूड, कपाळ उभट, पांढरा भाग डोळ्यांच्या वरपर्यंत चढलेला आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. ग्रेटरलाही कधीकधी पुसट कडं असतं, म्हणून एकट्या कड्यावर निकाल देऊ नये. बीन गूजची चोच काळी, मध्ये केशरी पट्टा आणि पाय केशरी. तोही आपल्याकडचा क्वचित पाहुणा.

८. दोन जातींचा संकर असू शकतो का? तो कसा ओळखायचा?

हंसांत संकर इतर बऱ्याच पक्ष्यांपेक्षा जास्त होतो. त्याचं एक कारण पिल्लांच्या बालपणात आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्यांदा जो हलता जीव दिसतो त्याच्या मागे पिल्लू लागतं. ऑस्ट्रियाचे प्राणीशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी कलहंसाच्या पिल्लांवर केलेलं निरीक्षण याच गोष्टीचं, आणि त्यांना 1973 साली नोबेल मिळालं ते प्राण्यांच्या वर्तनाच्या अशाच अभ्यासासाठी. दुसऱ्या जातीच्या संगतीत वाढलेलं पिल्लू मोठेपणी जोडीदारही त्याच जातीत शोधू लागतं. पाळीव हंस, प्राणिसंग्रहालयं आणि बागांतली तळी इथे असे योग जुळतात.

संकराची खूण म्हणजे दोन्हीकडचं थोडंथोडं. पट्टकदंब आणि कलहंस यांच्या संकरात पट्टे विस्कटलेले, पुसट किंवा एकच असू शकतात, चोच जाड असते आणि अंग पट्टकदंबापेक्षा गडद. पाळीव युरोपी आणि चिनी हंसांच्या संकरात कपाळावर छोटा उंचवटा आणि मानेमागे अर्धवट गडद पट्टी. दोघांची संतती पुढे अंडीही देते, त्यामुळे कितव्या पिढीचं मिश्रण आहे ते फोटोवरून सांगता येत नाही. माझा आग्रह असा की ‘संकर’ हे नाव सर्वांत शेवटी यावं. पिल्लू, पाळीव, डाग, रंगद्रव्याचा अभाव या सगळ्या शक्यता निकालात काढल्यानंतर.

९. हंसाच्या गळ्यात प्लॅस्टिकची पट्टी आहे आणि त्यावर अक्षरं आहेत. कुणी पाळलाय का?

नाही, अभ्यासकांनी घातलेली खूणपट्टी आहे. मंगोलियात अशा पट्ट्या घातलेले पट्टकदंब भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. पट्टीचा रंग, अक्षरांचा रंग आणि अक्षर-आकडे ज्या क्रमाने आहेत तसेच लिहून घ्या, तारीख आणि जागेसह. अक्षर नीट वाचता आलं नाही तर अंदाजाने भरू नका, त्या जागी प्रश्नचिन्ह टाका. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे ही माहिती पाठवता येते.

१०. ओळख पटावी म्हणून फोटो कसा काढायचा?

चोचीचा बाजूने फोटो, पायांचा फोटो, पोट-शेपटीचा फोटो, उघडलेल्या पंखांचा फोटो आणि शेजारच्या ओळखीच्या पक्ष्यासोबत एक. हा शेवटचा लोक काढतच नाहीत आणि आकाराचा सगळा वाद तिथेच अडतो. फोटो कापून, रंग वाढवून पाठवू नका. मूळ फाइल पाठवा.

आणि पंख उघडावेत म्हणून पक्षी उडवू नका. होडीत असाल तर नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ असं म्हणू नका, तोही बिचारा तुमच्या आग्रहापायी पुढे जातो. दिवसा उडवलेल्या थव्याची विश्रांती मोडते आणि पुढच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी वाया जाते. हंस उडण्याआधी माना ताठ करतात, आवाज वाढवतात. तेवढं दिसलं की थांबा.

११. अ‍ॅपने एक नाव सांगितलं, तुम्ही दुसरं सांगता. कुणाचं धरू?

अ‍ॅपने दिलेलं नाव सूचना म्हणून घ्या. पाळीव, संकर आणि रंग बिघडलेले पक्षी यांच्या बाबतीत अ‍ॅप हमखास गोंधळतात. नाव कुणीही सांगितलेलं असो, त्या नावाला आधार देणाऱ्या तीन खुणा फोटोत बोटाने दाखवता आल्या पाहिजेत.

१२. पाळीव हंस ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, नोंदवायचा का? नुसतं ‘हंस’ असं लिहिलं तर चालतं का?

दोन्ही करता येतं आणि करावं. पाळीव हंसांसाठी ‘डोमेस्टिक टाइप’ अशी वेगळी नावं तिथे आहेत. साध्या ‘ग्रेलॅग’खाली नोंदवलात तर वन्य कलहंसाच्या नकाशावर खोटा ठिपका पडतो, आणि पुढे कुणीतरी तो खरा धरून चालतो. संकरांसाठीही नोंदीची सोय आहे. जात ठरत नसेल तर ‘गूज एसपी.’ निवडा आणि दिसलं ते शेऱ्यात लिहा: ‘पाय केशरी, चोच दिसली नाही, पट्टकदंबापेक्षा थोडा लहान.’ तपासणारे स्वयंसेवक अशा नोंदीचा मान ठेवतात. सुट्टीच्या दिवशी स्वतःचा वेळ देऊन ते हे काम करतात, त्यांनी प्रश्न विचारला तर तो आरोप समजू नका.

१३. जून महिन्यात तळ्यावर एकटाच हंस आहे आणि उडत नाही. काय समजायचं?

पाळीव असेल किंवा जखमी वन्य पक्षी असेल. हंस विणीनंतर उड्डाणपिसं एकदम टाकतात आणि महिनाभर उडू शकत नाहीत, पण पट्टकदंबाचं हे सगळं विणीच्या प्रदेशात उरकतं, आपल्या तळ्यावर नाही. प्रश्न ३ प्रमाणे पाळीव असल्याची खात्री करा. पट्टकदंब असेल तर स्वतः पकडायला जाऊ नका, वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. वन्य हंस पकडणं किंवा घरी ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

पंखाचं टोक बाहेरच्या बाजूला मुरडलेलं दिसत असेल तर तो बहुतेक माणसांच्या खाण्यावर वाढलेला पक्षी. वाढीच्या वयात पाव आणि जास्त पिठूळ खाणं मिळालं की हा दोष येतो आणि प्रौढपणी तो बरा होत नाही. तळ्यावरच्या हंसांना पाव टाकू नका, ही विनंती इथे पुन्हा करते.

१४. काठावर मेलेला हंस सापडला. उचलून फोटो काढू का?

हात लावू नका. 2005 मध्ये छिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने 6,000 हून अधिक पक्षी मेले, त्यांत पट्टकदंब सर्वाधिक होते. 2020 च्या अखेरीपासून हिमाचल प्रदेशातल्या पाँग धरणावरही हजारो पक्षी याच रोगाने गेले, तिथेही पट्टकदंबच जास्त. लांबून फोटो काढा, जागा टिपा, वन विभाग आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा. कुत्री आणि कोंबड्या त्या बाजूला जाऊ देऊ नका.

१५. मी न्यू जर्सीत राहतो. कॅनडा गीजच्या थव्यात विचित्र डोक्याचा एक आहे. तुमची पद्धत इथे चालेल?

चालेल, फक्त नेहमीचा पक्षी बदलतो. कॅनडा गूजची मान काळी आणि गालावर पांढरा पट्टा. चेहऱ्यावर पांढरी शिंतोड्यांसारखी पिसं आणि पाय केशरी असतील तर कॅनडा आणि पाळीव हंस यांचा संकर ही पहिली शक्यता. तसाच रंग पण अंग फारच लहान, मान आखूड, चोच इवलीशी असेल तर तो कॅकलिंग गूज असू शकतो. 2004 मध्ये त्याला कॅनडा गूजपासून वेगळी जात मानलं गेलं. युरोपातल्या शहरी तळ्यांवर पट्टकदंब दिसला तर तो संग्रहातून सुटलेल्या पक्ष्यांपैकी किंवा त्यांच्या वंशातला. तिथे तो ‘एस्केपी’ किंवा त्या देशात लागू असलेल्या वर्गात नोंदवला जातो, आणि त्याच्या पायात कडं आहे का ते आवर्जून पाहा.